‘निकोटिन नाही’ म्हटलं तरी वेपची जाहिरात गुन्हाच

भाच्याच्या कंपासपेटीत हायलायटरसारखी एक निळी कांडी सापडली. टोपण काढलं तर आंब्याचा गोडसर वास. “मावशी, यात निकोटिन नाहीये, म्हणजे चालतं. रीलमध्ये सांगितलंय,” तो अगदी ठामपणे म्हणाला. मला त्याच्याहून जास्त राग आला तो त्या रीलवाल्याचा.

चालत नाही. १८ सप्टेंबर २०१९ पासून देशभर ई-सिगारेटवर, म्हणजेच वेपवर, बंदी आहे. आधी वटहुकूम निघाला, मग त्याच वर्षी संसदेनं कायदा केला. त्यात निकोटिनची अटच नाही. विजेच्या उपकरणात एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ तयार होत असेल, तर निकोटिन असो वा नसो, ती ई-सिगारेटच. आकार पेनचा असो की पेनड्राइव्हचा, नाव काहीही ठेवा. ई-हुक्काही त्यातच आला.

जाहिरात म्हणजे रस्त्यावरचा फलक किंवा टीव्ही, हा तर फारच पसरलेला समज. सिगारेट-तंबाखूच्या २००३ च्या कायद्यात दुकानापुरती मर्यादित जाहिरातीची वाट आहे. ई-सिगारेटला तीही नाही. इथं जाहिरातीच्या व्याख्येत छापील मजकूर, इंटरनेट, सोशल मीडिया, लेबल, वेष्टन, अगदी दुकानदाराचं बिलसुद्धा येतं. शिवाय वापराला आडून उत्तेजन देणाऱ्या जाहिरातीत नुसता भाग घेणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे “मी विकत नाही, फक्त फ्लेवर दाखवतो” ही सबब टिकत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवण्यासाठी जाणूनबुजून जागा देणाऱ्यालाही वेगळी शिक्षा आहे.

“सिगारेट सोडायला वेप घेतो,” असं मोठी माणसंही सांगतात. औषधांच्या १९४० च्या कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादनं या बंदीतून वगळली आहेत, पण इन्स्टावर मिळणारी आंबा-फ्लेवरची कांडी म्हणजे औषध नव्हे. व्यसन खरंच सोडायचं असेल तर डॉक्टरांना विचारा, किंवा सरकारच्या १८००-११-२३५६ या क्विटलाइनवर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो.