उत्तर ध्रुवाजवळचे एक एकत्र कुटुंब

आपल्या भाषेने लांडग्याला फारसा न्याय दिलेला नाही. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीपासून 'लांडगेतोड' या शब्दापर्यंत त्याच्या वाट्याला भीती आणि निंदाच आली. मीही अनेक वर्षे त्याच समजुतीत होतो. इतकेच नव्हे, तर त्या समजुतीपायी एका प्रसंगी गप्प बसलो. त्याची रुखरुख अजून आहे.

बँकेत शाखाधिकारी असतानाची गोष्ट. कापडाच्या एका जुन्या पेढीचे दोन सख्खे भाऊ भागीदारी मोडण्याची कागदपत्रे घेऊन माझ्यासमोर बसले होते. कॅश क्रेडिट खाते बंद करावयाचे होते. थोरले म्हणाले, "साहेब, एका कळपात दोन म्होरके नांदत नाहीत. लांडग्यांत पाहा, बळकट असेल तो राज्य करतो." धाकटे खाली मान घालून सह्या करीत होते. काही महिन्यांपूर्वी आमच्या प्रशिक्षणवर्गात एका व्याख्यात्यांनीही हेच सांगितले होते, की कळपातला 'अल्फा' म्हणजे पहिल्या क्रमांकाचा नर व्हायला शिका. त्यामुळे थोरल्यांचे बोलणे मला निसर्गाचा नियमच वाटला. दोघांना आणखी आठ दिवस विचार करा, एवढेही मी म्हटले नाही.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि हा 'नियम' कोठून आला ते कळले. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण केले व १९४७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा बंदिवासात बहुधा निरनिराळ्या ठिकाणचे प्राणी एकत्र कोंडलेले असतात. त्यांना एकमेकांपासून दूर जाता येत नाही, म्हणून वर्चस्वासाठी झगडा होतो. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये लांडग्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही ही कल्पना आली आणि तेथून ती जगभर पोहोचली.

पुढे १९८६ च्या उन्हाळ्यात हेच मेक छायाचित्रकार जिम ब्रँडनबर्ग यांच्यासह कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समिअर बेटावर गेले. तेथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे चोवीस तास निरीक्षण करता येते. तेथील पांढऱ्या लांडग्यांना माणसाने छळलेले नसल्यामुळे ते त्याला पाहून पळत नाहीत. मेक दर उन्हाळ्यात तेथे जात राहिले. हळूहळू तो कळप त्यांना इतका सरावला, की एक मीटर अंतरावरूनही त्याला पाहता येऊ लागले.

त्यांना तेथे दिसला तो एक संसार. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. सुमारे तीन आठवड्यांनी ती गुहेच्या तोंडाशी येऊन खेळू लागतात. आई बहुतेक वेळ त्यांच्यापाशी असते, तर बाप दूरवर शिकारीला जातो. तो परतला की पिल्ले धावत जाऊन त्याचे तोंड चाटतात आणि तो पोटात आणलेले अन्न त्यांच्यापुढे ओकून टाकतो. आईलाही तोच भरवतो. मागील वर्षांची मोठी भावंडेही धाकट्यांसाठी अन्न आणतात. अन्नाची टंचाई असेल तेव्हा आईबाप आपला अधिकार वापरतात, तो सर्वांत लहान पिल्लांच्या मुखी आधी घास पडावा म्हणून. लांडगा मांसाहारी आहे. त्याच्या आहाराचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. पाहावयाचे आहे ते मिळवलेल्याची वाटणी तो कशी करतो, हे.

तेरा उन्हाळ्यांच्या निरीक्षणानंतर १९९९ मध्ये मेक यांनी लिहिले, की निसर्गातील कळप म्हणजे सामान्यतः आईबाप व त्यांची मुले. तेथे कोणी लढून म्होरक्या होत नाही. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणूनच. मुले एक ते तीन वर्षांची झाली की बहुतेक घर सोडतात, जोडीदार शोधतात आणि नवे कुटुंब उभे करतात. आपल्या सोलापूर, पुणे जिल्ह्यांच्या माळरानांवर उरलेले लांडगेही कुटुंब करूनच राहतात.

मला सर्वांत अधिक भावले ते याच्या पुढचे. मेक यांनी आपल्याच गाजलेल्या ग्रंथाची छपाई थांबवावी, अशी प्रकाशकांना वारंवार विनंती केली. २०२२ मध्ये ती अखेर थांबली. बँकेत चुकीची नोंद आम्ही खोडरबराने पुसत नसू. तिच्यावर रेघ मारून, योग्य आकडा लिहून शेजारी सही करीत असू, म्हणजे चूक कोणाची आणि दुरुस्ती कोणाची हे दोन्ही दिसत असे. स्वतःच्या पुस्तकाविषयी असे करणे किती कठीण असेल, हे खातेवह्या सांभाळणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

या कथेतून 'सर्वांनी एकाच छताखाली राहावे' असा बोध मी काढत नाही, कारण लांडग्याची मुलेही घर सोडतात. व्यवसाय वेगळे होणे हे काही पाप नव्हे. परंतु वेगळे होण्यासाठी एकाने जिंकावे आणि दुसऱ्याने हरावे लागते, हा निसर्गनियम नाही. तो पिंजऱ्यातला नियम आहे. ते दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यालाही गेले नाहीत, असे कानावर आले. थोरले आता हयात नाहीत. धाकट्यांच्या घरी हे मासिक जाते, याची मला कल्पना आहे.

त्या दिवशी मी जी मूक संमती दिली, ती नोंद चुकीची होती. तिच्यावर आज रेघ मारून येथे सही करीत आहे.