पिकअपचा क्लच पायाखाली का बसतो?

आपल्या राज्यातील भाजीपाला व फळे यांची मोठी वाहतूक आता डिझेल पिकअपमधून होते. जुन्नर, नारायणगाव, ओतूर या भागातील टोमॅटो माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातो, तर दिंडोरी व पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्षे कसारा घाटाने मुंबईच्या बाजारात पोहोचतात. दिवसा तोडणी, सायंकाळी भरणी आणि पहाटेच्या लिलावास हजेरी असा हा क्रम असतो. त्यात चार तासांचा खोळंबा झाला तरी त्या दिवसाचा भाव हातचा जातो. म्हणूनच क्लचसारख्या भागाची माहिती केवळ मिस्त्रीवर सोपवून चालणार नाही. ती वाहनधारक शेतकऱ्यासही असली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माळशेज घाटाच्या माथ्यावर टोमॅटोच्या क्रेट्सनी भरलेला एक पिकअप पहाटे रस्त्याच्या कडेला उभा असलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला. क्लचचे पेडल तळाला टेकले होते व कोणताही गिअर पडत नव्हता. चौकशी करता असे समजले की, मालकाने मागील हंगामात मागचे पाटे वाढविले होते, डिझेल पंप 'खोलून' इंजिनाचा जोर वाढविला होता, आणि मग क्लच घसरू लागला म्हणून अधिक कडक प्रेशर प्लेट बसविली होती. जमलेल्यांपैकी बहुतेकांचे मत क्लच प्लेट जळाली असेच पडले. पेडलाजवळची चटई उचलून पाहता तेथील पत्रा तेलाने ओला झालेला आढळला. दोष क्लच प्लेटचा नव्हताच. मास्टर सिलिंडरचे रबर फाटले होते. माल दुसऱ्या वाहनात चढवून कल्याणला पोहोचेपर्यंत लिलाव संपला होता. तथापि वाहन घाट उतरू लागण्यापूर्वीच हे घडले ही इष्टापत्तीच म्हणावयास हवी. त्याचे कारण पुढे येईल.

जुन्या वाहनांत पेडल व क्लच यांना तारेने जोडलेले असे. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये हे काम तेल करते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो व नळीतील तेलावर दाब पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. तो दाब गिअर बॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरच्या दट्ट्यास ढकलतो, दट्ट्या काट्यास ढकलतो, आणि काटा रिलीज बेअरिंगच्या साहाय्याने प्रेशर प्लेटची पकड सोडवितो.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. पेडलाची तरफ सहापट, मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर व स्लेव्हचा १९ मिलिमीटर आहे असे समजा. पायाने १२ किलोचा जोर दिला तर दट्ट्यावर ७२ किलोचा भार येतो आणि तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ किलोचा दाब निर्माण होतो. आता प्रेशर प्लेट सोडविण्यास चाळीस टक्के अधिक जोर लागू लागला, तर पायास जवळजवळ १७ किलो जोर द्यावा लागेल व तेलातील दाब ५० किलोवर जाईल. नळी तीच, दट्ट्या तोच, आणि पाच वर्षे उष्णता खाल्लेले रबरही तेच. चालक म्हणतो, "पेडल थोडे जड झाले, सवय होईल." पायाला सवय होते, रबराला होत नाही.

दुसरी हानी डोळ्यांस दिसत नाही. मास्टर सिलिंडर हा इंजिन व चालक यांमधील पत्र्यावर बसविलेला असतो. पेडल फार जड झाल्यास तो पत्रा दर दाबासरशी किंचित लवतो, आणि जेवढा तो लवला तेवढी दट्ट्याची चाल वाया जाते. वरील उदाहरणात मास्टरची चाल ३० मिलिमीटर असेल तर स्लेव्हला सुमारे २१ मिलिमीटर मिळते. त्यातील ३ मिलिमीटर पत्र्याने खाल्ली तर स्लेव्हची चाल दोन मिलिमीटरने घटते. एवढ्याने क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर करकरत पडतो, आणि दोष गिअर बॉक्सच्या माथी मारला जातो. पेडल दाबताना सोबत्याने इंजिनच्या बाजूने मास्टर सिलिंडरवर नजर ठेवावी. तो हलताना दिसला तर पत्र्यास आधार देणे हाच उपाय होय.

फ्लायव्हीलला फेसिंग केल्यावर किंवा निराळ्या बनावटीची प्रेशर प्लेट बसविल्यावर स्लेव्हचा दट्ट्या पूर्वीपेक्षा अधिक बाहेर सरकून काम करू लागतो. तो टोकास पोहोचला तर तेल बाहेर पडते. म्हणून क्लचचे काम झाल्यावर दट्ट्याची चाल पुरेशी उरली आहे ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते की, क्लच घसरतो म्हणून कडक प्रेशर प्लेट घेणाऱ्यांपैकी काहींना तिची गरजच नसते. पेडलाची दांडी व मास्टरचा दट्ट्या यांत थोडी मोकळीक असावी लागते. ती नसल्यास दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडत नाही, आणि गरम होऊन फुगलेले तेल क्लचला अर्धवट दाबून धरते. क्लच घसरतो तो यामुळे. एका नटाच्या समायोजनाने जे साधते त्यासाठी हजारो रुपये खर्च होतात.

तेलाविषयी फार गैरसमज आढळतात. क्लचमध्ये ब्रेक ऑईलच वापरले जाते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ असे आहेत. घाटात सतत हाफ क्लचवर चालविल्याने तापलेल्या भागाजवळ असे जुने तेल उकळले की त्यात वाफ होते. वाफ दबते, आणि पेडल तळाला जाते. वाहन थंड झाल्यावर पेडल पुन्हा येते व मालक निश्चिंत होतो. तो निश्चिंतपणा खोटा आहे. टाकीतील तेल चहासारखे काळे झाले असेल तर ते बदलावे. साधारणतः दोन वर्षांनी ते बदलणे हिताचे. इंजिन ऑईल किंवा इतर खनिज तेल मात्र थेंबभरही घालू नये. त्याने रबर फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

दोष कोठे आहे हे ओळखणे अवघड नाही. तेल कमी होत असेल तर गळती बाहेर आहे: पेडलाजवळ ओल दिसल्यास मास्टर, गिअर बॉक्सजवळ दिसल्यास स्लेव्ह. तेल कमी होत नाही, तरी पेडल दाबून धरल्यावर वाहन हळूहळू पुढे ओढू लागते, असे असल्यास मास्टरमधील रबर आतल्या आत दाब सोडीत आहे असे समजावे. ही परीक्षा सपाट मोकळ्या जागी, पहिल्या गिअरात, ब्रेकवर पाय ठेवूनच करावी. चार वेळा पेडल मारल्यावर क्लच येत असेल तर आत हवा शिरली आहे किंवा रबर गेले आहे. काही वाहनांत क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते; तेथे तेलाची पातळी घटणे हा ब्रेकचाही इशारा होय. काही वाहनांत स्लेव्ह गिअर बॉक्सच्या आतच असतो. अशा ठिकाणी क्लच प्लेटसाठी गिअर बॉक्स उतरविला असता तोही त्याच वेळी बदलून घ्यावा.

आता माळशेजच्या त्या पिकअपकडे वळू. चढावर क्लच गेला तर वाहन थांबते. उतारावर चालक खालचा गिअर टाकण्यासाठी पेडल दाबतो, चालू गिअर काढतो, आणि पुढचा गिअर पडत नाही. भरलेले वाहन मोकळे सुटते, इंजिनाचा रोध जातो, व सर्व भार ब्रेकवर येतो. घाटात ब्रेक तापून निकामी होण्यास फार वेळ लागत नाही. यासाठी माथ्यावरच थांबून क्लच तपासावा, खालचा गिअर तेथेच टाकावा व त्याच गिअरात उतरावे. वाटेत पेडल बसले तर गिअर काढू नये. ब्रेक दाबीत वाहन कडेला आणावे व गिअरमध्येच थांबू द्यावे; इंजिन आपोआप बंद पडेल. चालत्या वाहनात चावी बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारी मदत जाते. थांबल्यावर चाकांपुढे दगड लावावेत.

इंजिनाचा जोर वा पाटे वाढविणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकते, व ठरावीक वजनापेक्षा अधिक माल भरल्यास कलम १९४ अन्वये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड होतो. कंपनीने ठरविलेल्या क्षमतेची मूळ प्रेशर प्लेट व तेवढाच माल, हेच स्वस्त पडते. तरीही कोणी कडक प्लेट बसविली असेलच, तर मास्टर, स्लेव्ह व रबरी नळी ही तिन्ही त्याच वेळी नवी घ्यावीत.

हवा काढताना एकाने पेडल सावकाश दाबावे, दुसऱ्याने स्लेव्हचे निपल उघडावे, आणि पेडल वर येण्यापूर्वी ते घट्ट करावे. टाकी रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर सर्व श्रम पुन्हा करावे लागतात. डबा उघडल्यावर उरलेले तेल पुढील हंगामासाठी गोठ्यात किंवा खळ्यावर ठेवून देऊ नये. तोपर्यंत त्यात पाणी मुरलेले असते.