जुन्या पुस्तकाला वास कसला येतो?

भिलारला गेलात तर एक गंमत करून बघा. पाचगणीजवळच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. त्यातलं एखादं पिवळं पडलेलं उघडा आणि पान नाकाशी धरा. (बघणारे हसतील. हसू देत.)

तो गोडसर वास म्हणजे कागदाचं म्हातारपण. लाकडाच्या लगद्यात सेल्युलोजबरोबर लिग्निन असतं. हवा-उजेडानं ते विघटित होतं, कागद पिवळा पडतो आणि किंचित व्हॅनिलिन सुटतं. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा वास त्याचाच. शिवाय शाई फुटू नये म्हणून पूर्वी कागदाला राळ आणि तुरटीच्या जातीचं द्रव्य लावत. त्यातून तयार होणारं आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. म्हणूनच कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २००९ मध्ये अशा वासावरून कागदाची तब्येत ओळखण्याची पद्धत मांडली.

कुबट वास मात्र वेगळा, तो बुरशीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हा पुस्तकंही भिजली. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. गोठवलं तर ती थांबते. सांगलीकडे बेदाण्याची शीतगृहं ढीगभर, पण पुस्तकांना शून्याखालचा गारठा लागतो. घरी दोन-चारच भिजली असतील तर सावलीत, पंख्याखाली उभी करा. उन्हात पुठ्ठे वाकतात. चकचकीत कागदाची पानं आधी सुटी करा. एकदा चिकटून वाळली की ती सुटत नाहीत.