हिंजवडीतला नवा साहेब

गेल्या आषाढात भोरच्या एसटी स्टँडवर आपल्या वस्तीतला एक तरुण भेटला. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षे प्रोग्रॅम लिहिणारा. महिन्यापूर्वीच त्याला मॅनेजर केले होते, हाताखाली आठ माणसे. आईने घरोघर पेढे वाटले होते. पोराचा चेहरा मात्र उतरलेला. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "काका, दिवसभर मीटिंगा, आणि रात्री दोनपर्यंत टीमचा कोड मीच दुरुस्त करत बसतो. काम चुकलं तर म्हणतील, बघा, याला उगीच वर चढवला."

ही धास्ती आपल्या घरांना नवी नाही. आपली मुले शिकली ती इतरांच्या दुप्पट राबून. स्वतःच्या हाताने केले तेच खरे, अशी सवय त्यांना जडते. ह्याच सवयीने बढती मिळते आणि बढतीनंतर हीच सवय माणसाला बुडवते!

मी कारकून माणूस, बी.कॉम. संगणक मला पगारपत्रकापुरता ठाऊक. पण साहेब पुष्कळ पाहिले. टपालाची जावक नोंद स्वतः करणारा साहेबही पाहिला. त्याच्या टेबलावर सहीच्या फायलींचा ढीग पडलेला असे, आणि आम्ही कारकून चहा पीत बसायचो.

गूगल ह्या अमेरिकन कंपनीने २००८ साली आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास सुरू केला. चांगल्या मॅनेजरचे आठ गुण निघाले. पहिला गुण, हाताखालच्यांना शिकवून तयार करणे. तांत्रिक ज्ञान आठवे, म्हणजे शेवटचे. ते नको असे नव्हे. त्यावाचून सल्ला कसा देणार? पण मॅनेजरची किंमत त्याच्या स्वतःच्या कोडवर ठरत नाही.

मग पहिल्या महिन्यात करावे काय? आधी आपल्या वरिष्ठाला विचारून घ्यावे की माझ्याकडून काय हवे आणि केव्हापर्यंत, आणि ते लेखी ठेवावे. मग टीममधल्या प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास एकट्याने बसावे. काम कुठे अडते, हे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. आल्याआल्या जुनी पद्धत मोडू नये. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते हाती घेतले. पुढच्याच महिन्यात, ७ ऑगस्टला, दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. मजुरांचे दुःख चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांना का ठाऊक नव्हते? तरीही त्यांनी सर्वांना एकत्र बसवले.

काम मागे पडले की नवा मॅनेजर घाबरून आणखी माणसे मागतो. आपल्या भोरात किंवा वेल्ह्यात (आता कागदोपत्री राजगड तालुका) आवणीला पाचाच्या दहा बाया आणल्या तर खाचर लवकर उरकते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. आय.बी.एम.मध्ये मोठे काम सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' ह्या पुस्तकात लिहिले की, उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो. नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. शिवाय पाच माणसांत बोलण्याच्या दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. त्यापेक्षा मुदतीत काय बसणार नाही, हे वरिष्ठांना वेळीच सांगावे. हे सांगायला धीर लागतो, खरे आहे.

आणखी एक. चांगले काम नेहमी त्याच दोघांना आणि किरकोळ डागडुजी तिसऱ्याला, असे होऊ देऊ नये. कोपऱ्यात बसवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शाबासकी चारचौघांत द्यावी, चूक एकट्याला सांगावी.

घरच्यांनीही त्याला थोडी सवड द्यावी. साहेब झाला म्हणून वस्तीतल्या प्रत्येक पोराची नोकरी पहिल्याच महिन्यात त्याच्या गळ्यात घालू नये. (हे मी स्वतःलाही सांगतो आहे. माझ्या खिशात त्या दिवशी पुतण्याचा बायोडाटा होता.)

परवा त्याचा फोन आला. टीममधली एक मुलगी तिसऱ्या भेटीत बोलती झाली. तिचा कोड चुकत होता, कारण ग्राहकाने बदललेली मागणी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. आता ती ग्राहकाबरोबरच्या बैठकीत स्वतः बसते, आणि हा रात्री बाराला झोपतो. आईचे म्हणणे, अजून दहा वाजायला हवेत.