नंबर निघाला, डोळे तपासायचे राहिले

एसटी स्टँडसमोरच्या चष्म्याच्या दुकानात दुपारी गर्दी कमी असते. ब्लाऊज शिवणारी ४६ वर्षांची बाई नेमकी तेव्हा येते. तिची तक्रार एकच. सुईत दोरा ओवता येत नाही, आणि काळ्या कापडावरचा काळा टाका तर दिसतच नाही. शेजारच्या मुलीकडून सकाळीच पाच-सहा सुया ओवून घेऊन ती काम रेटते आहे. दुकानातला मुलगा तिला यंत्रापुढे बसवतो, हनुवटी टेकवायला सांगतो, चिठ्ठी बाहेर येते. मग नाकावर जड ट्रायल फ्रेम चढते, भिंगे बदलत राहतात. ‘ताई, हे बरं की आधीचं बरं?’ पंधरा मिनिटांत चाळिशीचा नंबर निघतो. संध्याकाळी चष्मा हातात येतो आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो.

बाई खूश आहे. नंबरही अचूक आहे. फक्त तिच्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली होती, हे तिला कोणी विचारले नाही. आणि चष्म्याच्या दुकानात ते सांगायचे असते, हे तिला ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ‘येथे कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ अशी पाटी दिसते. त्या पाटीखाली बहुधा चष्म्याचा नंबर निघतो. तो निघणे ही लहान गोष्ट नव्हे. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ मध्ये हे निष्कर्ष आले. साध्या चष्म्याने रोजची कमाई बदलते, हे शिंप्याला, सोनाराला, तांदूळ निवडणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

पण नंबर काढणे वेगळे आणि डोळे तपासणे वेगळे. नंबर एवढेच सांगतो की बाहेरून आलेले किरण डोळ्याच्या पडद्यावर नेमके एकत्र येतात की नाही, आणि येत नसतील तर कोणते भिंग लावल्यावर येतील. पडदा स्वतः कसा आहे, पडद्यावरचे चित्र मेंदूकडे नेणारी नस शाबूत आहे का, याविषयी नंबर गप्प असतो.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताही तसाच. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी तो १८६२ मध्ये तयार केला. आज आपल्याकडे तो देवनागरी अक्षरांतही मिळतो. निकोप डोळ्याला जी ओळ सहा मीटरवरून वाचता यायला हवी ती वाचली, की कागदावर ‘६/६’ लिहिले जाते. तक्ता उत्तम आहे, पण तो पाहतो आपण पडद्याच्या मधल्या, अगदी छोट्या भागाने. आजूबाजूची नजर किती उरली आहे, हे त्याला कळत नाही. एखाद्याची कडेची नजर बरीचशी गेलेली असताना तो शेवटची ओळ खडाखडा वाचू शकतो. ‘सहा बाय सहा’ ऐकून घरी जातो आणि महिनाभराने रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा त्याला दिसत नाही.

काचबिंदू याच फटीतून आत येतो. डोळ्यात एक पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून वाहून जाते. (हे अश्रू नव्हेत, अश्रू डोळ्याच्या बाहेरचे.) निचरा कमी झाला की आतला दाब वाढतो आणि डोळ्याच्या मागच्या नसेतले तंतू हळूहळू मरू लागतात. या नसेत साधारण दहा ते बारा लाख तंतू असतात. सुरुवातीला जातात ते कडेच्या नजरेचे. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली पोकळी मेंदू अंदाजाने रंगवतो. दुखत नाही, लाली नाही, धूसर दिसत नाही. माणसाला कळते तेव्हा बरेच तंतू गेलेले असतात, आणि गेलेला तंतू परत येत नाही. मोतीबिंदू काढून नजर परत मिळते, काचबिंदूत गेलेली मिळत नाही. उपचाराने उरलेली टिकवता येते, एवढेच.

आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ता नव्हता. आई, वडील, भाऊ किंवा बहिणीला काचबिंदू असेल तर धोका बराच वाढतो. म्हणून तो प्रश्न विचारणे यंत्राच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे. दुसरा प्रश्न थेंबांचा. डोळे येण्याची साथ आली की अनेक जण मेडिकलमधून थेंब आणतात, बरे वाटले म्हणून पुढच्या वर्षी तीच बाटली मागतात. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते दीर्घकाळ घातले गेले, तर काहींचा डोळ्याचा दाब त्यामुळेच वाढतो.

हा दाब रक्तदाबाहून वेगळा. ‘बीपी नॉर्मल आहे’ याचा त्याच्याशी संबंध नाही. डोळ्यावर हवेची हलकी फुंकर मारणाऱ्या यंत्राने किंवा सुन्न करणारा थेंब टाकून तो मोजतात. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा पल्ला. पण तो दिवसभरात वर-खाली होतो, आणि पल्ल्याच्या आत असूनही काही जणांना काचबिंदू होतो. म्हणून दाब मोजला की संपले, असे नाही; नस पाहावी लागते. नसेच्या तोंडाशी वाटीसारखा एक खळगा असतो. तंतू मरत गेले की ही वाटी मोठी होत जाते.

अडचण अशी की काहींची वाटी जन्मतःच मोठी असते. आज एखाद्याच्या डोळ्यात मोठी वाटी दिसली, तर ती तशीच आहे की तीन वर्षांत वाढली आहे, हे एकदाच पाहून सांगणे अनुभवी तज्ज्ञालाही जड जाते. मागचा फोटो किंवा मागची नोंद शेजारी ठेवली की उत्तर सोपे होते. नियमित तपासणीचा खरा अर्थ हा आहे. दर वर्षी काहीतरी सापडावे म्हणून ती करायची नसते. काही बिघडले तर ते कशाशी ताडून पाहायचे, याची तजवीज ती करत असते.

आणि इथे जवळचे, ओळखीचे ठिकाण कामाला येते. एक नंबर शिबिरात, दुसरा मॉलमध्ये, तिसरा कंपनीच्या गाडीत, चौथा मेहुण्याच्या ओळखीत असे केले, की चार ठिकाणी चार कागद राहतात आणि एकही हाताशी नसतो. जुना चष्मा आणि जुना कागद टाकून देऊ नये, हा सल्ला कंटाळवाणा वाटेल; पण नंबर किती वेगाने बदलला हे त्यावरूनच कळते, आणि तो वेग बरेच काही बोलतो.

उदाहरणार्थ, महिन्याभरात नंबर दोनदा बदलला. पहिला संशय दुकानदारावर जातो. ‘नंबर चुकीचा काढला’ म्हणून भांडणही होते. पण जाणता तपासणारा अशा वेळी नवी काच विकत नाही, रक्तातली साखर तपासून यायला सांगतो. साखर फार वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरते, त्याचा आकार बदलतो आणि नंबर सरकतो. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांनी तो स्थिरावतो. चष्मा तेव्हाच करावा. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे असे, चष्म्याच्या काउंटरवर कळते. ज्यांना तो आधीपासून आहे, त्यांनी तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवायलाच हवा. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हाही सुरुवातीला नजर ६/६ असू शकते. लेझर आणि इंजेक्शनचे उपचार आहेत, पण ते लवकर पोहोचलेल्यांना जास्त साथ देतात.

उलटही घडते. पंच्याहत्तरीचे आजोबा अचानक बिनचष्म्याचा पेपर वाचू लागतात आणि घरात कौतुक होते. हे बहुतेक वेळा मोतीबिंदूचे काम असते. भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की डोळा लघुदृष्टीकडे झुकतो. जवळचे चष्म्याविना दिसते, पण लांबचे धूसर होते आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. आजोबांचा आनंद घालवू नये, पण त्यांची तपासणी मात्र करावी.

मुलांचे प्रकरण वेगळे, कारण मूल तक्रार करत नाही. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा निकोप असेल, तर मूल निकोप डोळ्याने सगळे निभावते. मेंदू दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो ‘आळशी’ होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन, चांगला डोळा रोज काही तास झाकून त्याला कामाला लावता येते. वय वाढते तसे यश कमी होत जाते. शाळेत घालण्यापूर्वी एकदा तरी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासावेत, असे सांगतात ते यासाठी. घरीही एक-एक डोळा झाकून लांबचे कॅलेंडर वाचायला सांगता येते. एक डोळा झाकल्यावर मूल चिडले, हात ढकलू लागले, तर ते नाटक समजू नये. आणि मुलांच्या बाबतीत निव्वळ कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर चष्मा करू नये. मूल यंत्रात डोकावताना डोळ्याचा स्नायू आवळते आणि उणे नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो. थेंब टाकून तो स्नायू सैल केल्यावरच खरा नंबर कळतो.

उणे नंबर दर वर्षी वाढत असेल तर प्रश्न मोबाइलपुरता नसतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ उघड्यावर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर शाळांत ३९.५. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मैदानाचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनी तो वाचायला हरकत नाही.

आता कोणाकडे जायचे? दुकानात तीन प्रकारची माणसे भेटू शकतात आणि कोटावरून फरक कळत नाही. ऑप्टिशियन नंबराप्रमाणे चष्मा बसवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट हा डोळ्यांच्या तपासणीचा पदवी अभ्यासक्रम केलेला. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केलेल्या कायद्यात त्याचा समावेश आहे. तो नंबर तर काढतोच, शिवाय दाब मोजणे, तिरळेपणा पाहणे, पडदा आणि नस तपासून शंका आली की पुढे पाठवणे, हे त्याचे काम. रोगाचे निदान पक्के करून औषध देणे व शस्त्रक्रिया करणे हे नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांचे. ‘तुमचं शिक्षण काय?’ हा प्रश्न विचारायला आपण उगाच लाजतो. चांगल्या ठिकाणी भिंतीवर प्रमाणपत्र लावलेले असते, आणि ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगणारा तपासनीस शंभरातला एक असला तरी तोच धरून ठेवावा.

चाळिशीनंतर तक्रार नसली तरी दोन वर्षांतून एकदा, साठीनंतर किंवा मधुमेह असेल तर दर वर्षी, आणि घरात काचबिंदू असेल तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने, असा साधारण हिशोब. मात्र अचानक डोळ्यापुढे विजा चमकू लागल्या, काळे ठिपके एकदम वाढले, पडदा ओढल्यासारखी सावली आली, किंवा डोळा लाल होऊन भयंकर दुखू लागला आणि उलट्या झाल्या, तर दुकान उघडण्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला यातले एक वाक्य पुरले असते: ‘घरात कोणाला काचबिंदू आहे का?’ उत्तर ‘वडिलांना’ असे आले, की पुढची पायरी म्हणजे दाब मोजून, पाण्याच्या निचऱ्याची वाट पुरेशी रुंद आहे ना हे पाहून, मग थेंब टाकून नसेची तपासणी. थेंबांनंतर तीन-चार तास उजेड खुपतो आणि जवळचे नीट दिसत नाही. त्या दिवशी स्कूटी घरी ठेवायची, सोबत कोणाला तरी न्यायचे, ऊन असेल तर गॉगल घ्यायचा. आणि लग्नसराईतले ब्लाऊज त्या दुपारी द्यायचे कबूल करायचे नाहीत.