सत्ताविसावा उमेदवार

19 मार्च 1987. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी या पेढीवर सीबीआयची धाड पडली. प्रमुख मोनसिंग, सोबत 26 तरुण. मोनसिंगने वॉरंट दाखवलं, कॅमेरे बंद करवले, मालकाचं रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतलं. कुणी बाहेर जायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. शुद्धता तपासायची म्हणून दागिन्यांचे नमुने सीलबंद झाले. मग दुसऱ्या धाडीवर नजर टाकून येतो, असं सांगून साहेब ते नमुने घेऊन निघाले. ते अजून यायचेत! ऐवज तीसेक लाखांचा. ‘स्पेशल 26’ हा 2013 मधला सिनेमा यावरूनच सुचला.

मला नवल वाटतं ते त्या 26 जणांचं. ते भामटे नव्हतेच. दोनच दिवसांपूर्वी टाइम्स ऑफ इंडियात जाहिरात आली होती: गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी पाहिजेत. मुलाखती ताजमहाल हॉटेलात. जाहिरात मोनसिंगचीच, आणि हे 26 जण त्यातूनच निवडलेले. मी तेव्हा रत्नागिरीतून बी.कॉम. होऊन गिरगावात आत्याकडे राहत होतो, नोकरीसाठी चपला झिजवत. जाहिरात नजरेला पडली असती तर सत्ताविसावा मीच. आत्याने चाळभर पेढे वाटले असते.

फसणारा लोभी असतो, असं आपण सहज म्हणून मोकळे होतो. इथे लोभ कुठे होता? पेढीवर भीती होती आणि पोरांना आशा. पोरांचा प्रामाणिक रुबाब बघून पेढीवाल्यांना धाड खरी वाटली, पेढीवाल्यांची गाळण उडालेली बघून पोरांना नोकरी खरी वाटली. मोनसिंगला फार खोटं बोलावंच लागलं नाही.

आता मी निवृत्त होऊन रत्नागिरीत असतो. आमच्या कट्ट्यावर सध्या ‘डिजिटल अरेस्ट’ची धास्ती. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, तुमच्या नावावर कसला तरी गुन्हा. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका. पेढीवर फोन बंद करवले होते, इथे फोनच सुरू ठेवायला लावतात. माणसाला एकटं पाडायचं, एवढंच दोन्हीकडे काम. अशी अटक कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं. आमच्यातले एक निवृत्त मास्तर तरीही सांगतात, “अहो, वर्दी दिसली की पाय आपोआप जुळतात.” पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं.

आणि ती सरकते कुठे? भाड्याच्या खात्यांत. “खातं वापरायला दे, कमिशन घे,” असं सांगून बेकार पोरांकडून पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड घेतात. काहींना कळत असतं, काहींना खरंच नाही. 1987 मध्ये पोलिसांच्या हाती मोनसिंग लागला नाही, ती पोरं लागली. आताही खात्यावरचं नाव-पत्ता पोराचाच असतो, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.