मत न देणाऱ्याला दंड करावा काय?



निवडणूक झाली आणि मतदानाचा आकडा कमी आला, की पारावर कोणीतरी हमखास म्हणतो, "मत न देनाऱ्याले दंडच ठोकला पाह्यजे." चार माना डोलतात. पूर्वी माझीही डोलत असे.

हा विचार नवा नाही. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून लोकसभेसारख्या निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे. सबळ कारण नसेल तर वीस डॉलर दंड भरावा लागतो. शेजारच्या गुजरातेत स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता असा कायदा विधानसभेने २००९ मध्ये मंजूर केला. २०१५ मध्ये शंभर रुपये दंड ठरला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. केंद्राच्या कायदा आयोगानेही त्या वर्षी सक्ती नको असेच मत दिले.

पण कायद्याचे राहू द्या. आपल्या वऱ्हाडात ही दंडाची पावती कोणाच्या हातात पडेल, ते पाहा.

२६ एप्रिल २०२४ रोजी अमरावती आणि अकोल्यात लोकसभेचे मतदान होते. त्या दिवशी मेळघाटातील रंगुबेली, धोकडा, कुंड, खामदा या गावांनी बहिष्कार टाकला. रस्ता, वीज, पाणी नाही, हे त्यांचे म्हणणे. हे लोक आळसाने घरी बसले नव्हते. त्यांना दंड करायचा म्हणजे पाणी मागणाऱ्याकडूनच पाणीपट्टी वसूल करायची! बहिष्काराचा मार्ग मला स्वतःला पटत नाही. ज्या गावाची मते मोजायचीच नाहीत, तिकडे पुढारी वळेल कशाला? कोणीच पसंत नसेल तर २०१३ पासून यंत्रावर 'नोटा'चे बटण आहे. मात्र लोकसभेला नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत जो पुढे तो निवडून येतो, हेही त्या गावकऱ्यांपासून लपवून कसे चालेल?

दुसरी पावती मजुराची. एप्रिलात वावरात धसकटे वेचणाऱ्या एका बाईला मी मतदानाचे विचारले. ती मान वर न करता म्हणाली, "अर्धा रोज बुडते साहेब. तो कोन देनार?" धुऱ्यावर वावराचे मालक उभे होते. ते स्वतः सकाळी सातलाच मत देऊन, बोटाला शाई लावून आले होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, याची आज लाज वाटते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब कारखान्या-दुकानातल्या कामगाराला, रोजंदारावरच्यालाही, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देते. पण वावरातल्या बाईपर्यंत ते कलम घेऊन कोण येतो?

आणि तिसरी पावती माझी! एका निवडणुकीत मला मतदान केंद्रावर कामाला लावले होते. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लागताना पाहिली, पण टपाली मतपत्रिकेचा अर्ज वेळेत भरायचा मीच आळस केला. दंडाला खरा पात्र कोणी असेल तर तो हा पगारदार माणूस.

म्हणून माझे सांगणे दंडाचे नाही, रोजाचे आहे. पुढच्या मतदानाला तुमच्या वावरात बायामाणसे कामाला असतील, तर त्यांना दोन तास आधी सोडा आणि रोज पूर्ण द्या. चार बायांचे मिळून आठच तास जातात. एका फवारणीत याहून जास्त पैसा आपण वाऱ्यावर सोडतो.

घरातही पाहा. आजोबा पंचाऐंशीच्या पुढे असतील तर विधानसभा-लोकसभेला घरून मत देता येते. त्यासाठी नमुना १२-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत असेल, तर नमुना ८ भरून ते आपल्या गावच्या यादीत आणून घ्या. हे काम निवडणूक लागण्याची वाट न पाहता, पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत उरकावे.